कोरा दौरा

साहेबांनी रिकाम्या गाडीचं मागचं दार उघडलं, कमरेत वाकून "वेलकम सर" म्हणाले आणि टपाची कड कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून तिथे तळहात आडवा धरून उभे राहिले. गाडीतून कुणीही उतरलं नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस सकाळी सकाळीच घेऊन आलाय. काहीतरी विचारायच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घेतला. वेलदोड्याचा वास होता.

व्यापारवाढीसाठी काम करणाऱ्या एका सरकारी केंद्रात ते नोकरीला होते. परदेशातून व्यापाऱ्यांची मंडळं येत, त्यांना बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून फिरवायचं, हे त्यांचं काम. कुणी तूर बघायला येई, कुणी बिदरी नक्षीकाम, कुणी आलं आणि हळद. आमच्या मालाला तिकडे गिऱ्हाईक मिळावं, तिकडच्या मालाला इकडे, आणि माझ्यासारख्या लहान कारखानदारांची जरा मोठ्या माणसांशी गाठ पडावी, असा साधा सरकारी हेतू. आम्ही सगळे त्यांना दौरेसाहेब म्हणायचो. ऑफिसात ते कन्नड बोलायचे, ड्रायव्हरशी दखनी आणि आमच्याशी आपल्या भालकीकडची मराठी. बदली झाली तरी ते फिरून याच कामावर यायचे, कारण दुसऱ्या कुणाला ते नको असायचं.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ते ठरलेला सगळा रस्ता रिकाम्या गाडीतून फिरत. याला ते कोरा दौरा म्हणत. तसं बघितलं तर कुठलाही शहाणा अधिकारी हे करतो. कुठे खड्डा आहे, कुठे जेवण उशिरा मिळतं, हे आधी बघून ठेवतो. साहेबांचा प्रकार वेगळा होता. ते पाहुण्यांना घेऊन फिरत. त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे राहून चालत. मशीन समजावून सांगत, मग थांबत, मान तिरकी करून ऐकत, आणि जे ऐकलं त्याला उत्तर देत. मधेच कुणाच्या तरी विनोदावर हसत. शेवटी एकेकाला गाडीत बसवून, दार लावून, गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभे राहत. चहासुद्धा खरा करायला लावत. तो नंतर आम्हीच प्यायचो.

बारा महिने तपकिरी कोट. आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा. कोटाच्या आतल्या खिशात दोन देशांचे टेबलावर ठेवायचे छोटे झेंडे, इस्त्रीच्या रुमालात गुंडाळलेले. गाडीत कायम ड्रायव्हरशेजारी बसणार, मागे कधीच नाही. "मागची जागा दिलेली हाय," एवढंच म्हणत.

औरादजवळ बायकांचा एक गट ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतो. तिथल्या कोऱ्या दौऱ्यात तव्यापाशी उभ्या असलेल्या एका बाईला साहेब म्हणाले, "बाई, जरा सरका. त्येंचा पाय पडायलाय तुमच्यावर." बाई सरकली. गाडी गेल्यावर बायका पोट धरून हसल्या. साहेबांची नक्कल बरेच दिवस चालली म्हणे. पण गटाची प्रमुख मला सांगत होती, त्या जागेवर पुन्हा कुणी उभं राहिलं नाही. तवाच दुसरीकडे हलवला.

बीदरात एका बिदरी कारागिराच्या दुकानात ते असेच चालत चालत एका फळीपुढे थांबले. फळीवर जुन्या घडणीचा एक हुक्का होता. मग कारागिराकडे वळून म्हणाले, उद्या इथे एक खुर्ची आणि पाण्याचा पेला ठेवा, पाहुण्यांना भरून येणार आहे. दुसऱ्या दिवशी आलेल्या मंडळातला एक धिप्पाड व्यापारी नेमका त्या फळीपुढे थांबला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. तसाच हुक्का त्याच्या आजीच्या घरी होता, लढाईत घर गेलं तेव्हा तोही गेला. कारागिराने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, साहेब पुष्कळ पाहुणे फिरवून बसलेत, त्यांना माणसं कळतात. कारागीर म्हणाला, "कळत असतील. पर मला त्येंनी आदल्या दिवशी पेलाबी खुर्चीच्या डाव्या हातालाच ठेवायला लावला. आन् त्यो डावखुरा निघाला."

एकदा केंद्राने त्यांनाच परदेशी जाणाऱ्या मंडळात घातलं. इतकी वर्षं दौरे काढले, आता एक दौरा तुमचा, असं वरिष्ठांनी प्रेमाने म्हटलं. साहेबांनी नकार दिला. मी विचारलं, कामून नाही जात, फुकटचा प्रवास आहे. ते म्हणाले, "मी जाऊन आलोय अक्का. नुसतं अंग न्यायचं ऱ्हायलंय, ते काय कामाचं न्हाई." त्यांच्या जागी बीदरचा एक व्यापारी गेला. परत आल्यावर हसत हसत सांगत होता की तिकडच्या बंदरावर यजमानांनी त्याला विचारलं, मागच्या वेळचे ते तपकिरी कोटवाले गृहस्थ नाही आले का. मी म्हणाले, तपकिरी कोट घालणारी माणसं जगात कमी आहेत का. तो हसायचा थांबला. म्हणाला, "तेच मी म्हणलं त्येंना. तर म्हणायलेत, वेलदोडे चघळायचे."

हे सगळं मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. मला माझी कामं होती.

माझी डाळमिल खटकचिंचोळीच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. मोठी नाही. कामाला बायका जास्त, बहुतेक इथल्याच मेहकर आणि आसपासच्या गावांतल्या. तूर निघाली की तीन-चार महिने मशीन दम खात नाही. मग तूर संपते, मोठ्या गिरण्या उरलेली उचलून नेतात, आणि माझं शटर बंद. बायका पुन्हा शेतावर किंवा पुण्याला. कलबुर्गीचे एक मोठे मिलमालक माझ्या मागे लागले होते की मिल विका, तुम्हाला झेपत नाही. मला झेपत होतं. तूर मिळत नव्हती. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की हा हंगाम काढायचा आणि वर्षभराची सोय झाली नाही तर त्यांना हो म्हणायचं.

अशात साहेबांचा निरोप आला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून एक मंडळ येतंय. त्यांच्याकडे तूर पिकते, पण आपल्याकडे काही नसतं तेव्हा. त्यांना ती भरडून देणारी मिल हवी, आणि बायकांनी चालवलेली हवी, कारण त्यांच्याकडच्या बायकांच्या गटांना हेच काम शिकवायचंय. तूर त्यांची, भरडाई आपली, शिकवणं आपलं. दोन-तीन ठिकाणं बघून ते एक निवडणार. कलबुर्गीच्या त्या मिलमालकांचं नावही त्यात होतं.

मंडळ हैदराबादला उतरलं त्या दिवशी दुपारी साहेब कोरा दौरा घेऊन माझ्याकडे आले. गाडी मेहबूब चालवत होता, भालकीचा, भाड्याची गाडी चालवणारा, माझ्या ओळखीचा. मी ठरवलं होतं की आज हसायचं नाही, माणूस आपल्यासाठी धडपडतोय. साहेबांच्या मागे मीही फिरले. तेल-पाणी लावून वाळत घातलेली तूर, मशीन, चाळणी, टरफलाचा ढीग. साहेब सगळं समजावून देत होते. चाळणीजवळ भिंतीशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. तिथे ते थांबले आणि म्हणाले, "बसा सर, दमलाव." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, हे मंडळाचे प्रमुख, वयस्कर आहेत, हो-नाही हेच सांगणार, बाकीचे नुसते मान हलवणार.

फेरी संपली. साहेब एकेकाला गाडीत बसवायला लागले. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. माझा तुरीचा ट्रक आला होता, आणि साहेबांची गाडी बरोबर फाटकात उभी. मशीनमध्ये माल संपत आला होता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मिल रिकामी दिसून चालणार नव्हतं. मी मेहबूबला ओरडून सांगितलं, गाडी काढ. त्याने दार ओढून घेतलं आणि काढली. झालं एवढंच.

साहेब दाराची मूठ धरल्यासारखा हात पुढे करून तसेच उभे राहिले. गाडी वळणाआड गेली.

"एक ऱ्हायले," ते म्हणाले.

मी म्हणाले, साहेब, उद्या सगळे येणारच आहेत. ते आत गेले, लाल खुर्चीकडे बघून आले. चेहरा उतरला होता. "बसलेत तितंच. तुमी जा म्हणल्याबिगर न्हाई उठायचे आता, मानी माणूस हाय. जवळ पाणी ठेवा." मग फोन करून मेहबूबला परत बोलावलं. पण तोवर ट्रक फाटकात आडवा झाला होता, आणि साहेबांना बीदरला जायचं होतं. रस्त्यापर्यंत चालत जाऊन ते गाडीत बसले.

ट्रकमधली तूर ओली निघाली. मी पोत्यात हात घालून काढला, दाणे हाताला चिकटले. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, वर चार पोती कोरडी टाकू, उद्या पाहुण्यांना काय कळतंय. मी ट्रक परत पाठवला. यात कसला मोठेपणा नव्हता, ओली तूर मशीनला घातली की पट्टा तुटतो. पण उद्या पाहुणे येणार आणि माझ्याकडे भरडायला जेमतेम तासाभराची तूर उरली होती, त्यामुळे माझं डोकं तडकलं आणि त्या दुपारी मी जो समोर येईल त्याला झापलं.

त्यात पंचशीला सापडली. ही मेहकरची, चाळणीवर बसते, कामाला चोख, तोंडाने मुकी. वर्षभरात तिच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नसतील. जेवणाच्या सुट्टीत ती लाल खुर्चीशेजारी जमिनीवर बसून डबा खात होती आणि बोलत होती. पुण्याला गेलेला नवरा फोन उचलत नाही, पोरीला नर्स व्हायचंय, सासू म्हणते लग्न करा. सलग, रडत रडत, मधे घास घेत. मी विचारलं, कुणाशी बोलायलीस गं?

"कुणाशी न्हाई अक्का." तिने डोळे पुसले. "हितं बसलं की सांगावं वाटायलंय."

मी म्हणाले, सांगून झालं असेल तर चाळणीवर बस.

संध्याकाळी बायका गेल्यावर मी रोजच्यासारखी एक चक्कर मारली. डाळमिलमध्ये दिवसभर पिवळट धूळ उडते. पोती, खांब, भिंतीवरचं घड्याळ, आमचे केस, सगळ्यावर तिचा थर बसतो. लाल खुर्चीच्या पाठीवर धूळ होती, हातांवर होती. बसायच्या जागेवर नव्हती. तेवढा भाग आत्ता पुसल्यासारखा लाल होता. मी बोट फिरवून बघितलं. मग मनाशी म्हणाले, कुणीतरी बाई बसली असेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारलं. कुणी बसलं नव्हतं. कामावर असताना बायकांना मी खुर्चीत बसू देत नाही, हे मलाही माहीत होतं.

मंडळ आलं. प्रमुख आले नाहीत.

त्यांच्यात एक बाई होती, तिचे पणजोबा कच्छमधून तिकडे गेलेले, ती हिंदी बोलायची. तिने सांगितलं, काल दुपारपासून बडे साहेब बोलत नाहीत. ताप नाही, काही नाही, डॉक्टर येऊन गेले. हैदराबादला हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेत, बोलावलं तरी बघत नाहीत. त्यांच्याशिवाय निर्णय होणार नाही, आणि परवा आमचं विमान आहे. बाकीच्यांनी उरलेली तूर भरडताना पाहिली, माना हलवल्या, चहा घेतला. तासाभराने मशीन थांबलं. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की काम गेलं. निघताना त्यांच्यातल्या एकाने कलबुर्गीच्या मिलमालकांचं नाव घेऊन साहेबांना विचारलं, तिथे किती वेळ लागेल.

साहेबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ते बरं झालं, मी ऐकून घेतलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहबूबला घेऊन माझ्या दारात आले.

"चला अक्का. पोचवून येऊ."

मला पटलं होतं असं नाही. पण मशीनला घालायला तूर नव्हती, बायकांना सुट्टी द्यावीच लागणार होती, आणि ती खुर्ची माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी विचारलं, मला काय करायचंय? साहेब म्हणाले, यजमान तुम्ही, उठा म्हणणं तुमचं काम. पंचशीला आणि आणखी दोघी दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडले आणि म्हणाले, चला, गाडी आलीय. आयुष्यात मला इतकं खुळ्यासारखं कधी वाटलं नव्हतं. कुणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी दार उघडलं, टपाला हात लावला, दार लावलं. मी पलीकडून मागे बसले, दाराला चिकटून. मधे बरीच जागा राहिली. साहेब पुढे.

हुमनाबादहून हैदराबादच्या हमरस्त्याला लागलो. मेहबूबने दोनदा आरशातून मागे बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "मैडम, गाडी भारी चल रई, पीछे वजन है जैसा." मी म्हणाले, टायर बघ. मन्नाएखेळ्ळीला थांबून त्याने टायर बघितले. हवा बरोबर होती. तिथे चहा घेतला. साहेबांनी एक कप मागच्या खिडकीतून आत धरला, जरा वेळ थांबले आणि परत आणून टपरीच्या फळीवर ठेवला. मी वाकून बघितलं. कप काठोकाठ भरलेला होता. मला एकदम हलकं वाटलं. चला, वेड आहे, दुसरं काही नाही. सांडू नये म्हणून कप सरकवायला गेले तर तो गार लागला. माझ्या हातातल्या कपाने बोटं भाजत होती, एकाच किटलीतला चहा. मी तो कप तिथेच ठेवला. टपरीवाल्याने तो ओतून दिला आणि कप विसळताना एकदा आमच्या गाडीकडे बघितलं.

हॉटेलच्या दारात साहेबांनी गाडीचं दार उघडलं तेव्हा गाडी मागून किंचित वर उठली. हे मी पाहिलं असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मेहबूबने पाहिलं, असं तो अजून सांगतो. साहेब लिफ्टपर्यंत डाव्या बाजूने, अर्धं पाऊल मागे राहून चालले. लोक बघत होते. मी दुसऱ्या लिफ्टने गेले.

खोलीत एक काळेसावळे, पांढऱ्या केसांचे म्हातारे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून बसले होते. साहेब दारात बाजूला सरले, आणि म्हाताऱ्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं. अगदी सहज, झोपेतून उठावं तसं. कच्छी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जाऊन त्यांचे खांदे धरले, आणि मग त्यांचा कोट झाडायला लागली. इथे छताचा चुना पडतो वाटतं, म्हणाली. खांद्यांवर, केसांत पिवळट धूळ होती. बावीस वर्षं मी ती धूळ खातेय, मला ती हातात घेऊन बघायची गरज नव्हती.

म्हातारा माझ्याकडे बघून बोलायला लागला. कच्छी बाई सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"ते विचारतात, ओली तूर परत पाठवली, ती पुन्हा नाही ना आली?"

मी म्हणाले, नाही.

"ते म्हणतात, कुणी बघत नव्हतं तेव्हा परत पाठवली." तिने मधेच त्यांना काहीतरी विचारलं. ते तसेच पुढे बोलत राहिले. "ते म्हणतात, तुम्ही फार ओरडता. आणि ती चाळणीवरची बाई बोलते ते तुम्ही ऐकत नाही. तिच्या मुलीचं लग्न नका होऊ देऊ आत्ता."

मी साहेबांकडे बघितलं. ते झेंडे काढत होते. रुमाल उलगडून दोन्ही झेंडे त्यांनी टेबलावर मांडले. काम आम्हाला मिळालं. म्हाताऱ्याने तिथल्या तिथे हो म्हटलं, बाकीच्यांनी माना हलवल्या. मग ते आणखी एक वाक्य बोलले. कच्छी बाईने ते पुन्हा विचारून घेतलं.

"ते म्हणतात, ती खुर्ची तिथेच ठेवा. त्यांचं माणूस अधूनमधून येऊन बसत जाईल. कळवणार नाही. गाडी पाठवायला नको."

साहेबांचा हात झेंड्यावरच राहिला. परतीच्या रस्त्यावर मी नफ्याचा, पोत्यांचा, शिकवायला कुणाला पाठवायचं त्याचा विचार करत होते. जहीराबादच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं, साहेब मागे माझ्या शेजारी बसलेत. कोट काढून मांडीवर घेतला होता. मी विचारलं, काम झालं, तोंड कशाला पाडलंय?

"येणाऱ्याला मी आणायलोय, जाणाऱ्याला पोचवायलोय," ते म्हणाले. "आजवर एकबी मागं ऱ्हायला न्हाई. आता न सांगता येणार, न सांगता जाणार. गेला का बसलाय, हे कुणी बघायचं?"

त्यानंतर त्यांनी एकही दौरा काढला नाही. मुदतीआधीच नोकरी सोडली आणि हुमनाबादला राहायला गेले. केंद्रात आता नवीन तरुण अधिकारी आहे. तो फोनवर नकाशा लावून पाहुणे आणतो, वेळेवर आणतो, कुणाला काही वेगळं जाणवत नाही. कलबुर्गीचे मिलमालक एकदा माझ्याकडे आले होते, मिल नाही तर निदान भागीदारी द्या म्हणून. बोलता बोलता खुर्चीत टेकायला लागले तर तिघी बायका एकदम म्हणाल्या, तितं नका बसू. ते उभ्यानेच बोलले, हळू आवाजात, आणि लवकर गेले.

मिल बारा महिने चालते. तूर बोटीने येते, स्वच्छ असते. मिलमधल्या दोघी तिकडे शिकवायला जाऊन आल्या. पंचशीलाची पोर नर्सिंगला आहे. मी पूर्वीपेक्षा कमी ओरडते, आणि जेवणाच्या सुट्टीत माझा डबा घेऊन बायकांत बसते. यातलं किती मी स्वतःहून करते आणि किती त्या खुर्चीकडे पाठ आहे म्हणून करते, याचा हिशेब मी लावत नाही. बायका सकाळी विचारतात, अक्का, आज आलेत काय? मी म्हणते, मशीन सुरू करा.

मागच्या महिन्यात साहेब आले. बसने, एकटे, साध्या शर्टात. कोटाशिवाय ते चारचौघांसारखे वाटत होते. त्यांना मी सगळी मिल दाखवली, आणि चालताना लक्षात आलं की तेच माझ्या उजव्या हाताला, पुढे चालताहेत, पाहुण्यासारखे. चाळणीशी पोचलो. मशीनच्या आवाजात मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. इतके दिवस मला ते विचारायचं होतं, आणि विचारण्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

"साहेब, बसलंय का कुणी?"

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. बराच वेळ, डोळे बारीक करून, चष्मा विसरलेला माणूस पाटी वाचतो तसं.

"मला आता दिसत न्हाई अक्का. ह्यो दौरा माझा न्हाई."

मग मी काय करायचं, मी विचारलं. माझा आवाज मला आवडला नाही.

"करायलाव की. तेच करा."

चहा घेऊन ते निघाले. मी फाटकापर्यंत गेले नाही, काम पडलं होतं, चाळणीपाशी उभी राहूनच हात केला. मिलच्या उंबऱ्यापाशी पोचल्यावर साहेब थांबले, अंग चोरून एका बाजूला झाले आणि समोरून आत येणाऱ्या कुणालातरी वाट दिली. मग निघून गेले.

बाहेरून कुणीही येत नव्हतं. दारातून नुसतं ऊन आत आलं होतं. मी वळले आणि पंचशीलाला चाळणी जरा हळू करायला सांगितली. धूळ फार उडत होती.